डावीकडचा हिरवा रणगाडा

नमस्कार. या ग्रुपवर मी चार-पाच वर्षं नुसता वाचक आहे. खरं सांगायचं तर इथले अनुभव वाचताना मी मनातल्या मनात त्यातली चूक शोधत बसतो. इथे वायरिंग बघायला हवं होतं, तिथे तो माणूस तापात असणार, असं. माझा धंदाच तसा आहे. रेवदंड्याच्या बाजारात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं छोटं दुकान आहे, जोडीला कॉम्प्युटर-प्रिंटर दुरुस्ती. बिघाड म्हटला की त्याला कारण असतं, आणि ते सापडेपर्यंत उठायचं नाही, एवढंच मला येतं. त्यामुळे असल्या गोष्टी मानतोस का, असं कुणी विचारलं तर मी हसून विषय बदलायचो. आजही 'भूत' हा शब्द मी वापरणार नाही. जे झालं ते झालं त्या क्रमाने लिहितो. नावं तेवढी बदलली आहेत.

मागच्या वर्षी गणपती गेले आणि आठवड्याभरात माझ्या आईला पॅरालिसिसचा झटका आला. वय अडुसष्ट. जीव वाचला, बोलणं शाबूत राहिलं, पण डावा हात आणि डावा पाय लुळे पडले. अलिबागच्या हॉस्पिटलमधून घरी आणल्यावर आणखी एक गोष्ट लक्षात आली. माझी बायको अर्चना तिला जेवायला वाढायची आणि आई विचारायची, "आज चटणी केली नाहीस का गं?" चटणी ताटात असायची, डाव्या बाजूला, जिथे असते तिथेच. आई फक्त उजवीकडची भाजी संपवायची. केसही अर्धेच विंचरायची, उजवे. डॉक्टरांनी सांगितलं, डोळे उत्तम आहेत, पण मेंदूने डावी बाजू सोडून दिली आहे. तिच्यासाठी डावीकडे काही नाहीच.

फिजिओ मॅडम आठवड्यातून तीनदा घरी यायच्या. त्या स्पष्ट म्हणाल्या होत्या की सुरुवातीचे महिने हातचे जाऊ देऊ नका, या काळात जेवढं परत येईल तेवढं खरं. डाव्या हाताने रबरी बॉल दाबायचा, मान डावीकडे वळवायची. आईने चार दिवस बॉल दाबला आणि पाचव्या दिवशी पलंगाखाली टाकून दिला. म्हणाली, "मला लहान मुलासारखं खेळवू नका."

आणि त्यावरूनच मला माळ्यावरचा व्हिडिओ गेम आठवला.

हा गेम बाबांनी आणला होता मी सातवीत असताना, माझ्यासाठी आणि माझी चुलत बहीण स्वातीसाठी. कॅसेट घालायचा, दोन रिमोटवाला, तसा तेव्हा घरोघरी असायचा. आम्ही दोघं वर्षभरात कंटाळलो. पण आमच्यामागे त्या मशीनचा ताबा घेतला तो आईने आणि नलूकाकूने. नलूकाकू म्हणजे स्वातीची आई, माझी धाकटी काकू. दुपारची जेवणं झाली, मागच्या वाडीतल्या गड्याला चहा दिला, की दोन्ही जावा टीव्हीसमोर बसायच्या आणि रणगाड्यांचा गेम खेळायच्या. खाली मधोमध आपला तळ, वरून शत्रूचे रणगाडे येतात, तळ वाचवायचा. आईचा पिवळा, काकूचा हिरवा. आई उजवी बाजू सांभाळायची, काकू डावी. वर्षानुवर्षं. काका गेले, आम्ही मोठे झालो, स्वातीचं लग्न होऊन ती पनवेलला गेली, तरी तीन वाजता हा खेळ चालूच. आठ वर्षांपूर्वी काकू आजारपणात पनवेललाच वारली. त्यानंतर आईने मशीन जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकलं.

मी हिशेब असा केला की त्या रिमोटवर दिशा डाव्या अंगठ्याने द्यायची असते. बॉलपेक्षा बरा व्यायाम. मॅडमनाही पटलं. आई मात्र आधी नाहीच म्हणाली. शेवटी स्वातीने फोनवर गळ घातली. ती पनवेलला शाळेत शिकवते, लेकराबाळांमुळे तिला वरचेवर येणं जमत नाही. "मोठीआई, तू खेळ, मी इथे मोबाइलवर बघते," असं ती म्हणाली आणि आई तयार झाली. कुणीतरी बघणार म्हटल्यावर तिला जरा हुरूप आला असावा.

म्हणजे आता मला तो खेळ लाइव्ह दाखवायची सोय करणं भाग होतं.

कॅप्चर कार्ड म्हणजे आगपेटीपेक्षा थोडा मोठा डबा. टीव्हीला जाणारं चित्र तो लॅपटॉपमध्ये घेतो आणि तिथून ते इंटरनेटवर जातं. मला वाटलं होतं तासाभराचं काम आहे. लागले पाच दिवस. जुन्या मशीनमधून चित्राची पिवळी आणि आवाजाची पांढरी वायर येते. पहिल्या दिवशी स्क्रीन काळी. मध्ये यूएसबी हब होता, तो काढून कार्ड थेट लॅपटॉपला लावलं तेव्हा चित्र आलं, पण कृष्णधवल आणि सरकणारं. टीव्ही सिग्नलच्या दोन पद्धती असतात, पाल आणि एनटीएससी; सेटिंग पालवर होतं, मशीन एनटीएससी निघालं. रंग आले. मग रणगाडे हलले की त्यांच्यावर आडव्या रेघा पडायच्या. ही जुनी मशीन चित्राच्या अर्ध्याच ओळी पाठवतात आणि आजचं कार्ड उरलेल्या ओळींची वाट बघत बसतं... ते एक सेटिंग बंद केल्यावर रेघा गेल्या. मग आवाजात घूं घूं. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवला, घूं घूं बंद. एक अडचण तशीच राहिली. लॅपटॉपवर चित्र अर्धा सेकंद उशिरा दिसायचं, आणि तेवढ्यात रणगाडा मरतो. म्हणून पिवळ्या वायरला फाटा जोडला. एक टोक टीव्हीला, एक कार्डला. आई टीव्हीवर बघून खेळणार, बाकीचे लॅपटॉपमधून जाणारं चित्र बघणार. सिग्नल तोच, दोन ठिकाणी.

हे 'सिग्नल तोच' लक्षात असू द्या.

दिवाळीनंतर सुरुवात केली. दुकान मी एक ते साडेचार बंद ठेवतो, त्यामुळे वेळ जुनीच राहिली, दुपारी तीन. लिंक फक्त नातेवाइकांना दिली होती. स्वाती, पुण्याची आत्या, वाशीचे मामा, मस्कतला असलेला मावसभाऊ, असे दहा-बारा लोक. पहिल्या दिवशी आई पहिली स्टेजसुद्धा पार करू शकली नाही. अंगठा सरकतच नव्हता. रिमोट मांडीवर ठेवून ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करत होती, कपाळावर घाम. मी म्हटलं राहू दे आज. तिने मान हलवून नकार दिला आणि पुन्हा स्टार्ट दाबलं.

पाचव्या-सहाव्या दिवशी तिने पहिल्या दोन स्टेज पार केल्या. मी खूश झालो. त्या दिवशी खाली कॉमेंट आली मामांची. सुनंदा म्हणजे माझी आई. "सुनंदाबरोबर दुसरं कोण खेळतंय? चांगला हात आहे."

मी आईच्या शेजारीच बसलो होतो. दुसरं कुणी नव्हतं. दुसरा रिमोट तर लावलेलाच नव्हता, तो माझ्या दुकानात खोक्यात पडला होता. टीव्हीवर एकच पिवळा रणगाडा. मी लॅपटॉपकडे मान वळवली... आणि लॅपटॉपवर दोन होते. उजवीकडे आईचा पिवळा. डावीकडे एक हिरवा.

घाबरलो का, तर नाही. तेव्हा नाही. पहिला विचार आला तो घोस्टिंगचा. जुन्या सिग्नलला फाटा जोडला की वायरमध्ये प्रतिध्वनीसारखं होतं आणि चित्राची फिकट नक्कल शेजारी दिसते, याला आमच्याकडे घोस्टिंगच म्हणतात. मी मामांना तसं लिहूनही टाकलं. आई आत आडवी झाल्यावर रेकॉर्डिंग लावून बघितलं. नक्कल असती तर पिवळा वळला की हिरवा वळला असता. हिरवा स्वतंत्र चालत होता. पिवळा उजव्या कोपऱ्यात अडकलेला असताना हिरवा वर जाऊन शत्रूला मारून परत तळाशी येत होता.

आईला मी काही बोललो नाही. तिचं बीपी अजून वर-खाली होत होतं. आणि खरं कारण म्हणजे, तिचा डावा अंगठा हलायला लागला होता. घाबरून तिने रिमोट टाकला असता तर तो पुन्हा हातात घेतलाच नसता. खेळ थांबवायचा नाही आणि तिला कळू द्यायचं नाही, एवढं ठरवलं, आणि बिघाड शोधायला बसलो.

पुढचे दहा दिवस मी काय काय केलं ते थोडक्यात लिहितो, कारण इथले काही जण नक्की विचारतील. वायर नवीन आणल्या. फाटा बदलला. अर्चनाचा ऑफिसचा लॅपटॉप वापरला. चौलला माझा एक मित्र लग्नाची शूटिंग करतो, त्याच्याकडून वेगळ्या कंपनीचं महागडं कार्ड मागून आणलं. इन्व्हर्टरवर चालवलं. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच, आणि वहीत टिपून ठेवायचं. हिरवा रणगाडा प्रत्येक दिवशी होता. मग रविवारी सकाळी मी स्वतः खेळून बघितलं. नव्हता. अर्चनाला बसवलं. नव्हता. दुपारी तीन वाजता आई बसली. होता.

त्यानंतर मी एक गोष्ट केली जी आधीच करायला हवी होती. मोबाइल स्टँडवर लावला आणि टीव्ही आणि लॅपटॉप दोन्ही एकाच चौकटीत येतील असं शूट केलं. घरी कुणी नसताना ते शांतपणे बघितलं. तोपर्यंत मी सारखा लॅपटॉपकडे बघत होतो, त्यामुळे टीव्हीवर काय होतंय याकडे माझं लक्षच नव्हतं. टीव्हीवर हिरवा रणगाडा नव्हता. पण डावीकडून येणारे शत्रूचे रणगाडे अर्ध्या वाटेत आपोआप फुटत होते. समोर कोणी नाही, गोळी नाही, आणि ते फुटत होते. आईला डावीकडचं दिसतच नव्हतं, त्यामुळे तिला काही वेगळं वाटायचा प्रश्नच नव्हता. ती उजवी बाजू लढवत होती आणि तिला वाटत होतं की तिचा हात बसतोय.

भर दुपार होती. बाहेर वाडीत नारळ उतरवत होते, माणसांचे आवाज येत होते.  पाणी प्यायलो आणि ते शूटिंग परत पहिल्यापासून लावलं.

दुसऱ्या दिवशी स्वातीचा फोन आला. ती रोज बघायची, पण इतक्या दिवसांत हिरव्या रणगाड्याबद्दल एक शब्द बोलली नव्हती. मीही नाही. तिने आधी मोठीआईची चौकशी केली, अंगठ्याबद्दल विचारलं. मग म्हणाली, "दादा, स्टेज सुरू झाली की तो हिरवा हलायच्या आधी समोरच्या विटेवर दोन गोळ्या मारतो. बघितलंस?"

मी बघितलं होतं. वहीत लिहूनही ठेवलं होतं, पण त्याचा अर्थ लागला नव्हता.

"माझी आई तसंच करायची," स्वाती म्हणाली. "मी तिला म्हणायचे, उगाच गोळ्या का घालवतेस. तर म्हणायची, बटण चालतंय का बघते."

   मी तिला म्हटलं की मशीन अजून उघडून बघितलेलं नाही, ते एक राहिलंय. ती म्हणाली, बघ. तिच्या आवाजात 'नको' असं काहीतरी होतं, असं मला आज वाटतं. त्या दिवशी मला ते ऐकू आलं नाही.

सोमवारी आईच्या खेळाला सुट्टी सांगून मी मशीन घेऊन अलिबागला गेलो. तिथे एक जुने टीव्ही दुरुस्त करणारे आहेत, त्यांना मी इक्बालभाई म्हणतो. असल्या मशीनचं काम करणारे आता तेवढेच उरलेत. मी त्यांना खरं काही सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की स्क्रीनवर नसलेला दुसरा प्लेअर दिसतो. त्यांनी स्क्रू काढले, आतली सर्किटची पाटी बाहेर घेतली, भिंग लावून बराच वेळ बघितलं.

"दुसरा प्लेअर दिसतो म्हणताय," ते म्हणाले. "हे बघा. दुसऱ्या रिमोटच्या पोर्टाच्या तारा गळून पडल्यात. एकसुद्धा जागेवर न्हाय."

मी भिंगातून बघितलं. हिरवट पांढरी भुकटी साचली होती. तारांची नुसती टोकं उरली होती.

"कधी झालं असेल हे?"

"चार-पाच वर्षं तरी झाली असतील. खारी हवा हाय. हिथून आत काही जायचा सवालच न्हाय. रिमोट लावलात तरी बटन चालनार न्हाय."

मग त्यांनी सहज विचारलं, उघडलंच आहे तर जोडून देऊ का? आणि मी तितक्याच सहज म्हटलं, द्या जोडून. तुटलेली तार दिसली की जोडायची, यात विचार करण्यासारखं काही असतं हे मला त्या क्षणी सुचलंच नाही. त्यांनी भुकटी साफ केली, चार नवीन तारा लावल्या, पाटी स्पिरिटने पुसली. अर्ध्या तासात मशीन माझ्या हातात.

मंगळवारी तीन वाजता आई बसली. लॅपटॉपवर एकच रणगाडा होता. पिवळा.

दुसऱ्या स्टेजला डावीकडून दोन शत्रू सरळ खाली आले आणि तळ उडाला. आईला काय झालं ते कळलं नाही. तिने पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. सहा-सात वेळा झाल्यावर तिने रिमोट मांडीवर ठेवला आणि मला विचारलं, "मशीन बिघडवून आणलंस का रे?"

बुधवारी तेच. गुरुवारी ती बसायला तयार होईना. इतके दिवस जमत होतं आणि आता एकदम जमत नाही, म्हणजे आपली तब्येत पुन्हा खालावतेय, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. ती ते बोलली नाही, पण त्या रात्री जेवताना तिने डावा हात पदराखाली झाकून घेतला. तो झाकलेला हात बघून मला राहवेना. दुसऱ्या दिवशी दुपारी अर्चनाला शेजारी बसवून मी आईला सगळं सांगितलं. मामांची कॉमेंट, वायर, कार्ड, स्वातीचा फोन, इक्बालभाई. काही गाळलं नाही. तारा जोडल्याचंही.

मी तिच्या श्वासाकडे लक्ष ठेवून होतो. तिने मध्येच एकदाही थांबवलं नाही. संपल्यावर म्हणाली, "दाखव."

मी रेकॉर्डिंग लावलं आणि लॅपटॉप तिच्यासमोर ठेवला. ती बघत राहिली. "कुठंय?" मी स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं. तिला माझं बोटसुद्धा सापडेना. तिची नजर पिवळ्या रणगाड्याच्या पुढे सरकतच नव्हती. मी लॅपटॉप उचलून तिच्या उजव्या हाताला नेला, तर तिने माझं मनगट धरलं.

"सरकवू नकोस," ती म्हणाली. "तिथंच राहू दे. मी येते तिकडं."

त्यानंतरचे साडेतीन आठवडे आमच्या घरात दुसरं काही झालंच नाही म्हटलं तरी चालेल. जी बाई बॉल दाबायला तयार नव्हती ती सकाळी उठल्यापासून मान डावीकडे वळवायला लागली. फिजिओ मॅडमनी एक युक्ती सांगितली. स्क्रीनच्या डाव्या कडेला जाड लाल पट्टी चिकटवायची आणि आधी ती लाल पट्टी शोधायची. आई लाल पट्टी शोधायची. सापडायची नाही. मान दुखायची, चक्कर यायची, पाच मिनिटं डोळे मिटून बसायची आणि परत. कधी चिडून मला खोलीबाहेर काढायची. मॅडमनी एवढं कशासाठी असं विचारलं तेव्हा ती म्हणाली, जावेचा फोटो बघायचाय.

दुपारी तीनला खेळही परत सुरू केला. हरत होती, तरी खेळत होती. नातेवाइकांनी कुणी विचारलं नाही की हिरवा कुठे गेला. स्वातीने सगळ्यांना फोन केले असावेत.

पहिल्या आठवड्यात तिला स्क्रीनचा मध्य दिसला. तळ दिसला. मग तळाच्या डावीकडची एक वीट. ती मला सांगायची, आज इथपर्यंत आले. ताटातली चटणी तिने स्वतःहून घेतली, आणि अर्चना ताट तसंच सोडून आत जाऊन रडली. मग एका शनिवारी दुपारी मी दुकानाचं शटर ओढून घरी आलो तर ती लॅपटॉपसमोर बसली होती. स्वतःच चालू केला होता. लाल पट्टीकडे मान वळलेली होती, पूर्ण वळलेली. मी दारातच थांबलो.

ती पाच-सहा रेकॉर्डिंग एकामागे एक बघत राहिली. मी शेजारी जाऊन बसल्यावर मला म्हणाली, "हे तू बघितलंस का?"

"काय?"

"सगळे शत्रू मेले, की स्टेज बदलायच्या आधी थोडा वेळ असतो बघ. तेवढ्या वेळात ती माझ्याकडे तोंड करून उभी राहते."

मी ती रेकॉर्डिंग पन्नास वेळा तरी बघितली असतील. वही भरून टिपणं काढली होती. पण मी लढाई बघत होतो, शेवटचा शत्रू फुटला की पुढची फाइल लावत होतो. त्यापुढचे तीन-चार सेकंद मी कधी बघितलेच नव्हते. आता बघितले. तळाच्या डावीकडे हिरवा रणगाडा येतो, उजवीकडे वळतो आणि स्क्रीन बदलेपर्यंत हलत नाही. मी एकेक करून सगळ्या दिवसांची रेकॉर्डिंग तपासली. प्रत्येक स्टेजच्या शेवटी तेच. आणि उजवीकडे आईचा पिवळा रणगाडा, वर तोंड करून, एकदाही न वळलेला.

आईने लॅपटॉप हळूच मिटला. "नलूला वाटलं असेल, ताई बघतसुद्धा नाही," एवढंच ती म्हणाली.

हे सगळं माझ्याकडे जपून ठेवलेलं आहे. रेकॉर्डिंग, दोन्ही स्क्रीनचं शूटिंग, वही. तांत्रिक माणसांच्या दोन-तीन ग्रुपवर मी घरचं काही न सांगता नुसतं चित्र दाखवून विचारलं. कुणी म्हणालं गेम स्वतःच खेळून दाखवतो तो डेमो मोड, कुणी कार्डाची मेमरी, एकाने सरळ एडिटिंग म्हटलं. कार्ड बदललं होतं. डेमो मोडमध्ये रिमोट चालत नाही. आणि एडिटिंग करायला माझ्याकडे आधी दुसरं चित्र हवं ना? मी शेवटी इक्बालभाईंनी लावलेल्या त्या चार तारा माझ्या हाताने परत काढल्या. मशीन होतं तसं करून ठेवलं. काही झालं नाही. हिरवा परत आला नाही. तो का आला होता आणि तारा जोडल्यावर का गेला, की त्या दिवशी जाणारच होता, यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर ऐकायला आवडेल, पण उत्तर मिळेलच अशी आशा आता मी धरत नाही.

आई आता काठी घेऊन अंगणापर्यंत जाते. डावा हात पूर्ण आला नाही, पण अंगठा चांगला चालतो. रोज तीन वाजता खेळते, दहा-बारा माणसं बघतात. डावी बाजूही आता तीच लढवते, धावपळ करत. आणि स्टेजमधला शेवटचा शत्रू फुटला की ती तळाजवळ येते, रणगाडा डावीकडे वळवते, आणि चित्र बदलेपर्यंत तसाच उभा ठेवते.